कुमैताची म्होरकी

कारखान्याच्या ऑफिसात एकदा मी विनाकारण हात वर केला आणि त्यामुळे पुढचे दहा महिने माझ्या आयुष्यात एक घोडा होता.

विचारलं होतं मेजरसाहेबांनी. ते आमच्या पिंपरीच्या कारखान्याचे व्यवस्थापक. सैन्यातून निवृत्त होऊन आले तेव्हा मिशा, पदकांची पेटी आणि उड्या मारणारा एक घोडा एवढा संसार त्यांच्याबरोबर होता. मिशांकडे ते स्वतः बघत. पदकांची पेटी शिपाई पुसत असे. घोड्याला एक मोतद्दार होता, पण तो भावाच्या लग्नाला म्हणून नगरकडे गेला आणि परत आलाच नाही. चौथ्या दिवशी साहेब ऑफिसच्या दारात उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "इथं घोडा कुणाला कळतो?"

आम्ही अकरा कारकून. दहा जणांनी समोरच्या कागदात डोकं घातलं. माझे वडील बार्शीकडे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. घोड्याच्या तोंडात हात घालून औषधाचा गोळा जिभेच्या मागे कसा सरकवायचा, हे मी चौथीत असताना शिकलो होतो. तेवढ्या विद्येवर मी हात वर केला. खरं कारण त्याहून साधं होतं. मला संध्याकाळी जायला कुठलंही ठिकाण नव्हतं.

पिंपरी-चिंचवड असं एका दमात म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, आणि मधे ज्वारी. कॅम्पात सिंधी मंडळींची दुकानं नुकती लागली होती, माळावर एक-दोन नवी धुराडी उभी राहिली होती आणि दर महिन्याला कुठे ना कुठे कोनशिला बसवली जात होती. मी चिंचवडात नदीच्या बाजूला एक खोली घेऊन राहत होतो. वडील वारले होते, आई त्यांच्याआधीच. पुण्याच्या एका वाचनालयातून आणलेली पुस्तकं खोलीत होती आणि त्यांतली माणसं माझ्या चांगल्या ओळखीची होती. पण रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी प्रत्यक्ष बोलणारा एकच इसम, खानावळीतला वाढपी. तोही "भात?" एवढंच विचारत असे. मी "हो" म्हणत असे. कधी कधी संभाषण लांबवण्यासाठी मी "थोडा" म्हणे.

तेव्हा घोडा.

तबेला कारखान्याच्या कुंपणाच्या कडेला होता. घोडा गडद कुमैत, म्हणजे काळपट तांबडा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, पाठ माझ्या नजरेच्या रेषेत. त्याला एका लढाईचं इंग्रजी नाव दिलेलं होतं. ते नाव दारावर पितळी पट्टीवर कोरलं होतं आणि कुठल्याही जनावराला ते ओझं जड झालं असतं. मी त्याला नुसतं "अरे" म्हणत असे. त्याची हरकत दिसली नाही.

उडीची त्याला भूक होती. साडेचार फुटांचा अडथळा तो अंगणातली पायरी चढावी तसा चढून जाई. अडचण उडीनंतरची होती. जमिनीला पाय टेकले की तो मान पुढे काढी, लगाम स्वाराच्या हातातून ओढून घेई आणि सुटे. मग त्याला अडवणारं बळ कुणात नव्हतं. पुण्याला हिवाळ्यात घोड्यांच्या उड्यांची एक मोठी स्पर्धा भरे. आदल्या वर्षी तिथे त्याने सगळे अडथळे बिनचूक पार केले, त्यानंतर कुणीही न सांगता मैदानाचं कुंपणही पार केलं आणि साहेबांना घेऊन पाहुण्यांच्या चहाच्या तंबूत शिरला. टेबलावरच्या केकला त्याने धक्का लावला नव्हता, असं साहेब प्रत्येक वेळी आवर्जून सांगत.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला तबेल्यात उभं करून आपला निर्णय ऐकवला.

"येत्या हिवाळ्यात पुन्हा उतरणार. या वेळी सुटला तर गोळी."

मी म्हटलं, "विकता येईल, साहेब."

"टांग्याला? माझा घोडा स्टेशनवर सवाऱ्या ओढताना मी बघायचा? नाही. सैन्यात आम्ही असं करत नाही."

सैन्यात ते काय करत हे विचारायची सोय नव्हती. घोडा तोबऱ्यात तोंड घालून चंदी खात होता. त्याच्या चावण्याचा आवाज सबंध तबेल्यात भरला होता. दहा महिने, मी मनात हिशेब केला.

भिंतीवर खुंट्यांना तीन लगाम टांगलेले होते. पहिला साधा, मधे सांधा असलेल्या लोखंडी कांबीचा. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी; दांडी ओढली की साखळी आवळते आणि तरफेच्या नियमाने हाताचा जोर जबड्यात कित्येक पटींनी पोचतो. तिसऱ्याच्या कांबीला मधोमध वर उठलेली लोखंडी जीभ होती, ती टाळूला टोचते. घोड्याला या तिन्हींवर क्रमाने बढती मिळाली होती. प्रत्येक बढतीनंतर तो आधीपेक्षा जोरात पळाला होता, आणि त्यावरून साहेबांनी असं अनुमान काढलं होतं की चौथा लगाम मागवायला हवा. त्यासाठी एक जाड इंग्रजी चित्रपुस्तक त्यांच्या टेबलावर असे. त्यात लगामांची साठ-सत्तर चित्रं होती. मी ते पुस्तक वाचलं. इतक्या विद्वत्तेने इतक्या प्रकारचं लोखंड एका तोंडात घालणाऱ्या लोकांचं मला मोठं नवल वाटलं.

मग मी ते तोंड उघडून पाहिलं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे हिरडीची मोकळी जागा असते. कांब तिथे बसते. निसर्गाने ती जागा लगामासाठीच ठेवली आहे, असं समजण्याची माणसाची रीत आहे. या घोड्याची ती हिरडी दोन्ही बाजूंना सोललेली होती. जिभेच्या कडेला जुनी चीर होती, टाळूला गाठ. मी बोट लावलं तेव्हा तो मागे सरकला नाही; उलट सगळं अंग ताठ करून पुढे रेटू लागला. दुखलं की तो पुढे पळायचा. त्याला थांबवायला जे तोंडात घातलं होतं, त्यापासूनच तो पळत होता. एवढी साधी गोष्ट त्या जाड पुस्तकात कुठेही नव्हती.

पण ती साहेबांना सांगणार कोण? आणि सांगून पुढे काय, लगामाशिवाय हा डोंगर आवरायचा कशाने?

याचं उत्तर गवताच्या गाडीवर बसून आलं. चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातले एक शेतकरी तबेल्याला गवत आणि कडबा घालत. साठीचे, लाल मुंडासं, एका गुडघ्यातून अधू. मी त्यांना बाबा म्हणत असे, ते मला भाऊसाहेब. त्या दिवशी मी घोड्याच्या हिरडीला ग्लिसरीन लावत होतो. गाडी सोडून ते दारात येऊन उभे राहिले.

"भाऊसायेब, ह्येच्या तोंडात लोहाराचं दुकान कुनी मांडलं?"

"साहेबांनी."

"सायेबाच्या तोंडात घालून बगितलंय का कुनी?"

"अजून तरी नाही."

"मग कसं कळायचं?" ते आत आले आणि घोड्याच्या नाकाडावर तळवा ठेवून उभे राहिले. "आमी गाड्याम्होरं घोडी पळवतो. तोंडात काय बी नसतं. नाकाडावर म्होरकी, बास."

आमच्या बार्शीकडे बैलांच्या शर्यती होत्या, पण ही तऱ्हा मला नवी होती. चाकणच्या पट्ट्यात यात्रेला बैलगाडे चढावर पळवतात, त्या चढाला घाट म्हणतात. गाड्यात माणूस बसत नाही. बैलांच्या पुढे एक स्वार घोडी घेऊन पळतो आणि तिच्या मागे बैल जीव तोडून धावतात. घाटाच्या माथ्यावर निशाण असतं. निशाण आलं की घोडीने एका बाजूला वळून जागच्या जागी थांबायचं; पुढेच पळत राहिली तर मागचे बैल तिच्या नादाने पार रानात जातात. बाबांनी वीस वर्षं घोडी पळवली होती. गुडघा त्यातच गेला होता.

"बैल मागं आन् तुमी म्होरं," ते म्हणाले. "तितं तोंड वढत बसला तर मेलाच. घोडीला आपलं आपन कळाया पायजे."

दोन दिवसांनी त्यांनी म्होरकी आणली. अंबाडीचा दोर, नाकाडावर येणारा भाग सुती चिंध्यांनी गुंडाळलेला, हनुवटीखाली गाठ, दोन्ही बाजूंना लगामासारखी धरायला वाद्या. बैलाला घालतात तीच, घोड्याच्या मापाची. नाकपुडीच्या वर चार बोटं सोडून ती बांधायची. खाली घसरली तर हाड संपून मऊ कूर्चा लागते आणि श्वास कोंडतो. मी म्हणालो, "हे फार दयाळू साधन आहे." त्यावर ते हसले.

"दया कसली आलीय दोरात? वढला तर दोर बी कापतोय. हात चांगला पायजे, भाऊसायेब."

आता साहेब. बैलाची म्होरकी घालून घोड्यावर बसा, असं मेजरसाहेबांना सांगणं म्हणजे पदकं पायताणाला लावा म्हणण्यासारखं होतं. मी जाड पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटून तिसऱ्या पानावर, तळटीपेच्या वर, तोंडात काहीही न घालता नाकाडावर दाब देणाऱ्या एका परदेशी लगामाचं लहानसं चित्र होतं. मी तिथे खुणेचा कागद घातला आणि पुस्तक साहेबांच्या टेबलावर सरळ करून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि एक नवी पाश्चात्त्य पद्धत समजावून सांगितली. मी लक्ष देऊन ऐकली. कॅम्पातल्या एका चांभाराकडून बाबांच्या म्होरकीची हुबेहूब चामड्याची नक्कल करवून घेतली, पितळी बकलं लावली. पितळ आल्यावर साहेबांची खात्री पटली.

घोडा तयार करायचं काम बाबांकडे आलं. निगडीला तेव्हा माळ होता आणि माळावर वारा. दर रविवारी मी घोडा पायी घेऊन जात असे. चिंचवडापासून तो रस्ता एकट्याने चालायला लांब, घोड्याबरोबर चालायला कमी पडायचा. मी त्याला आठवड्याच्या घडामोडी सांगायचो. कुठे कोनशिला बसली, कोणत्या पाहुण्याने कात्री हातात घेऊन किती वेळ भाषण केलं. तो कान माझ्याकडे वळवी. श्रोता म्हणून त्याच्यात एकच दोष होता, मधेच तो गवत खाऊ लागे. पण ते कोनशिलेच्या समारंभातही चालतंच.

बाबांनी त्याला आपल्या घोड्यांसारखंच शिकवलं. माळाच्या चढावर एका काठीला लाल फडकं बांधायचं. बाबांच्या मुलाने वर बसून खालून घोडा भरधाव सोडायचा. फडक्याशी आला की म्होरकीची एक वादी हलकेच खेचून तोंडाने "होऽऽ" करायचं, उजवीकडे वळवायचं, थांबवायचं आणि गुळाचा खडा द्यायचा. पहिल्या रविवारी तो फडकं ओलांडून देहूच्या दिशेने निघून गेला, दुपारी परत आला. तिसऱ्या रविवारी फडक्यापुढे वीस पावलांवर थांबला. पावसाळा संपताना त्याला वादी लागत नव्हती, "होऽऽ" लागत नव्हतं. लाल फडकं दिसलं की तो स्वतः वळे, उभा राहून मागे बघे आणि गुळाची वाट पाही. हिरड्या भरून आल्या होत्या. ज्याला तीन लोखंडं आवरू शकली नाहीत, तो एका चिंधीसमोर उभा राहत होता. गूळ बहुधा मीच देत असे. त्याच्या ओठांचा तो मऊ, केसाळ स्पर्श तळव्यावर आठवडाभर राहायचा, असं लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मला दुसरं कुणी हात लावत नव्हतं, हेही लक्षात घ्यावं.

मग उड्यांचा सराव. तेलाची रिकामी पिंपं, बांबू आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे सहा अडथळे मी माळावर रचले. सहाव्याच्या पुढे काही अंतरावर बाबांनी फडकं लावलं. साहेब चढले. सहाही उड्या झाल्या, घोडा फडक्याशी गेला, वळला, थांबला. साहेब खाली उतरले तेव्हा मिशा थरथरत होत्या.

"बघितलंस? हाताची पकड! शेवटी पकड लागते."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय जी, पकड लई भारी." आणि तंबाखू मळू लागले.

आता जी चूक झाली ती मी नीट सांगतो, कारण ती माझी आहे. स्पर्धेची नियमावली आली, ती मीच टंकलिखित केली. लगाम कसा असावा याबद्दल तिच्यात बंधन नव्हतं, हे वाचून मला हायसं वाटलं. त्याच पानावर लिहिलं होतं, प्रत्येक अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला पांढरं निशाण असेल. साहेबांनी त्याखाली रेघ मारली आणि सांगितलं, "सरावालाही निशाणं हवीत. बारा शिवून घे."

मी "होय साहेब" म्हणालो आणि काही केलं नाही. त्या वर्षी आमच्या कारखान्यात पताका, तोरणं, झेंडे आणि फिती यांचा इतका सुकाळ होता की कापडाचा आणखी एक तुकडा काठीला बांधायला माझं मन घेईना. पिंपांना निशाणं! सकाळी सातला, जिथे बघायला दोन मेंढ्या होत्या, तिथे? साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "शिंप्याकडे गर्दी आहे, साहेब." मला ती निव्वळ शोभा वाटली. मी थाटाला हसणारा माणूस होतो, आणि हसता हसता मी नियमावलीतलं ते वाक्य आणि माळावरचं लाल फडकं एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं विसरलो. बाबांना नियमावली माहीत नव्हती. साहेबांना फडक्याचं काम माहीत नव्हतं. दोन्ही माहीत असलेला मी एकटाच होतो.

स्पर्धेच्या दिवशी पुण्याच्या मैदानावर बँड होता, तंबू होते, छातीवर फुलं लावलेले स्वयंसेवक होते. बाबा आले नव्हते, त्यांचा हरभरा काढणीला आला होता. मी कठड्याशी उभा होतो, खिशात गूळ. मैदानात नजर गेली तर जिकडेतिकडे निशाणं. प्रत्येक अडथळ्याशी एक लाल, एक पांढरं, नवीकोरी, इस्त्री केलेली, वाऱ्यावर फडफडणारी. मला कळलं तेव्हा घंटा झाली होती. मी कठड्याखालून आत शिरलो. एका स्वयंसेवकाने मला दंडाला धरून अतिशय सभ्यपणे बाहेर काढलं.

घोडा सुंदर आला. मान सैल, तोंडात काही नाही, चाल मोकळी. पहिल्या अडथळ्याशी आला, लाल निशाण पाहिलं, उजवीकडे वळला आणि थांबला. अगदी शिकवल्याप्रमाणे. साहेब मात्र शिकवल्याप्रमाणे पुढे गेले, एकटे, अडथळ्याच्या बांबूवर. बँडवाल्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी वाजवणं चालू ठेवलं. घोडा निशाणाशेजारी उभा होता. मान वळवून तो गर्दीकडे बघत होता. तो गूळ शोधत होता, हे त्या हजार-बाराशे माणसांत मला एकट्याला माहीत होतं.

साहेबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कळलं की पशुवैद्याला निरोप गेला आहे आणि बंदूक साहेबांच्या बंगल्यावरून तबेल्यात येणार आहे. मी सुट्टीचा अर्ज न देता उठलो.

साहेबांना ठेवलं होतं त्या दवाखान्यात मी थेट गेलो. पट्ट्यांनी बांधलेले साहेब उशीला टेकून बसले होते. पाहुण्यासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर साहेबांची टोपी ठेवलेली होती, म्हणजे सकाळपासून तिथे कुणी बसलं नव्हतं. मिशांना मेण लावलेलं नव्हतं. त्यामुळे ते कुणाचे तरी काका वाटत होते.

"काय?"

"घोडा सुटला नाही, साहेब. तुम्ही म्हणाला होतात, सुटला तर गोळी. तो थांबला."

"अडथळ्यापुढे थांबणारा घोडा सुटणाऱ्याहून वाईट."

मग मी सगळं सांगितलं. म्होरकी, पुस्तकातला खुणेचा कागद, फडकं, गूळ, निशाणं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिंप्याकडे गर्दी नव्हती?"

"नव्हती."

"मग शिवून का नाही घेतलीस?"

"मला वाटलं, नुसता थाट आहे."

"तुला माझं सगळंच थाट वाटतं," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे. तू भाषणं लिहून देतोस ना, त्यांत कळतं."

त्यांची भाषणं मीच लिहीत असे. त्यांतली टर त्यांच्या लक्षात येत नाही, अशी माझी समजूत होती.

"खुर्चीवरची टोपी काढ आणि बस," ते म्हणाले. मी बसलो. दहा महिने आम्ही एकाच घोड्याच्या दोन बाजूंना उभे होतो आणि या खोलीत आम्हाला बोलायला विषय नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "गोळी नको. पण मला तो परत दिसायला नको. आणि टांगा नाही."

मी विचारलं, "गवतवाल्या बाबांना दिला तर? चाकणकडे?"

"बैलांपुढे पळवणार?"

"होय."

"लगाम?"

"म्होरकी."

त्यांनी डोळे मिटले. मी ते होकारासारखं घेतलं आणि उठलो. दाराशी गेल्यावर मागून आवाज आला, "उद्या येणार असशील तर वर्तमानपत्र घेऊन ये." मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो नाही. तिथे काय बोलायचं, हे मला ठाऊक नव्हतं. हा माझा दोष त्यांच्या मिशांहून मोठा होता, पण तो दिसत नसे.

बाबा घोडा न्यायला आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"निशानाला थांबला? आरं, मग शानं जनावर हाय. त्या लोकांनी निशान सुरवातीलाच कशाला लावलं?"

"प्रत्येक उडीला लावतात, बाबा."

"परत्येक?" ते चकित झाले. "मग शर्यत संपती कवा?"

मी पितळी बकलांची चामडी म्होरकी काढून ठेवली. बाबांनी दोराची घातली. मी तळवड्याच्या वळणापर्यंत बरोबर चालत गेलो. तिथे बाबा म्हणाले, "या की यात्रंला, चैतात." घोडा गाडीच्या मागे बांधलेला होता आणि गाडीतलं उरलेलं गवत चालता चालता ओढून खात होता. त्याने मागे बघितलं नाही. गवत पुढे होतं.

चैत्रात मी गेलो. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, भंडाऱ्याने पिवळी झालेली, हलग्या, आरोळ्या. मी वरच्या बाजूला, निशाणापासून हाकेच्या अंतरावर उभा राहिलो. माझ्या शेजारचे एक मिशीवाले गृहस्थ म्हणाले, "कोनाकडचं पावनं?" मी म्हणालो, "कुणाकडचा नाही, शर्यत बघायला आलो." "एकलंच?" त्यांना ते फारच चमत्कारिक वाटलं. त्यांनी मला आपल्या पिशवीतल्या शेंगा दिल्या आणि पुढे सरकले.

मग खालून गलका उठला. कुमैत आला. वर बाबांचा मुलगा, मागे चार बैल आणि धुरळा. मी त्याला इतकं पळताना कधी पाहिलं नव्हतं. तोंड मोकळं, कान मागे, कपाळावरचा ठिपका जवळ जवळ येत गेला. निशाणाशी आला, उजवीकडे वळला, थांबला. बैल त्याच्या शेजारून गेले. लोकांनी टोप्या उडवल्या. ज्या कामाबद्दल त्याला गोळी घालणार होते, त्याच कामाला इथे माणसं नाचत होती.

तो मान वळवून बघू लागला. बाबा लंगडत गर्दीतून पुढे झाले आणि त्यांनी तळवा त्याच्या ओठांशी नेला.

माझ्याही खिशात गूळ होता. आमच्यामधे तीस-चाळीस पावलं होती आणि कुणी मला दंडाला धरून अडवलं नसतं. पण त्याला मिळायचं ते मिळालं होतं, मिळायचं त्या ठिकाणी. मी दुसऱ्या बाजूने उतरलो.

चाकणहून परतीच्या मोटारीत खिडकीची जागा मिळाली. मोशीच्या पुढे कुठेतरी मी तो गूळ खाल्ला. खिशातलं थोडं सूत त्याला चिकटलं होतं.